मोत्याला मोड नाही

मोत्याची नथ मोडायला नेली की सराफ आधी मोती बाजूला काढतो. तार कातरतो, मोती वाटीत ओततो, लाल-हिरवे खडे वेगळे करतो आणि उरलेलं सोनं काट्यावर ठेवतो. पैसे मिळतात ते त्या सोन्याचे. मोती पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात परत येतात आणि वर एक वाक्य येतं, ‘याला मोड नाही हो.’ नथ घेताना मात्र याच मोत्यांचे पैसे बिलात व्यवस्थित लागलेले असतात. बायकांना हा हिशेब फार पूर्वीपासून पाठ आहे. म्हणून आपल्याकडे सोनं ‘करून ठेवायचं’ असतं आणि मोती हौसेचे असतात.

मोती हौसेचाच असेल, तर तो कोणता घ्यायचा हा प्रश्न तिजोरीचा उरत नाही, हाताच्या कौशल्याचा होतो. डोंबिवली, पुणे, सांगली, नाशिक अशा गावांत घरातल्या एका टेबलावर काचेचे, प्लास्टिकचे, शिंपल्याचे मोती घेऊन नथी, कुड्या, तन्मणी, चिंचपेट्या, मुंडावळ्या करणाऱ्या बायकांची संख्या गेल्या काही वर्षांत डोळ्यांत भरावी इतकी वाढली आहे. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ आला आणि पेशवाई नथ लग्नघरांतून कॉलेजांच्या ट्रॅडिशनल डेपर्यंत गेली, तेव्हा या बायकांकडे कामाची रांग लागली. तरी त्यांतल्या पुष्कळजणी आपल्या कामाबद्दल बोलताना अर्धा स्वर खाली घेतात. ‘इमिटेशनच आहे, पण...’ असं वाक्य सुरू होतं. हा ‘पण’ मला अनावश्यक वाटतो. तो का, हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल, कारण ‘खरा मोती’ म्हणजे काय याचं उत्तर शंभर वर्षांत चांगलंच बदललं आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी असलेला बसरा मोती बसऱ्याच्या नदीत होत नसे. इराणच्या आखातात, बहारीन-कुवेतच्या बाजूला, उन्हाळ्यात पाणबुडे नाकाला चिमटा लावून तळाशी जात, शिंपले वर आणत. हजारो शिंपले फोडावेत तेव्हा हाताला धड मोती लागत. बसरा हे व्यापाराचं बंदर, म्हणून नाव त्याचं. त्या मोत्यांची मोठी पेठ होती मुंबई. आखातातला माल इथे येई. इथे त्याला भोकं पाडली जात, तो उजळला जाई, आकार-रंग-पाण्यानुसार निवडला जाई, सरींत ओवला जाई आणि पुढे पॅरिस-लंडनला जाई. झवेरी बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत मोत्याचा तोल आणि भाव यांचं गणित करणारी माणसं होती. तो भाव नुसत्या वजनावर ठरत नसे. वजन वाढलं की भाव त्याच्या कितीतरी पट वाढे, कारण मोठा, गोल आणि पाणीदार मोती क्वचितच मिळे.

या मोत्यांचा मराठी दरबारातला सर्वांत अचाट उपयोग बडोद्याला झाला. खंडेराव गायकवाडांनी १८६५च्या सुमारास मोत्यांचा एक गालिचाच करवून घेतला. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करायचा म्हणून तो केला, असं सांगितलं जातं. त्यावर सुमारे पंधरा लाख बारीक बसरा मोती आहेत. गालिचा मदिनेला गेलाच नाही. २००९ साली दोहा इथे झालेल्या लिलावात तो ५४ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकला गेला. ‘मोत्याला मोड नाही’ हे वाक्य गायकवाडांच्या गालिच्याला लागू नाही, एवढं मान्य करू. मात्र आपल्या घरी गालिचा नाही, नथ आहे.

त्या काळी मोत्याचा भाव काय होता ते पाहा: न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर कार्तिये या जवाहिऱ्याचं दुकान आहे ती हवेली त्याला १९१७ साली मोत्यांच्या बदल्यात मिळाली. १२८ मोत्यांचा दुपदरी हार, दहा लाख डॉलर किमतीचा. तो दिला, वर शंभर डॉलर दिले आणि घर घेतलं. पुढे हार घेणाऱ्या त्या घरमालकिणीच्या पश्चात, १९५७ साली, तोच हार लिलावात निघाला तेव्हा त्याचे १,५१,००० डॉलर आले. हार तोच होता, मोतीही तेच होते. मधल्या चाळीस वर्षांत, जपानातल्या एका माणसाने शिंपल्याला करायला शिकवलेला मोती बाजारात आला होता.

त्याचं नाव कोकिची मिकिमोटो. मूळचा नूडल विकणाऱ्याचा मुलगा. ११ जुलै १८९३ला त्याच्या शिंपल्यांत अर्धगोल मोती सापडले. पूर्ण गोल मोत्याची युक्ती पुढे मिसे आणि निशिकावा या दोघांच्या पद्धतीने पक्की झाली आणि १९२०च्या आसपास जपानी मोती युरोपच्या बाजारात उतरला. व्यापाऱ्यांनी ओरड केली, ही फसवणूक आहे, हा मोती खोटा आहे. पॅरिसच्या न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं आणि १९२४ साली निकाल जपानी मोत्याच्या बाजूने लागला. त्यानंतर जागतिक मंदी आली. आखातातला मोतीधंदा कोसळला आणि त्याबरोबर मुंबईचाही. बहारीनमध्ये १९३२ साली तेल सापडलं म्हणून तिथली माणसं तगली. तिथे कल्चर मोत्याच्या व्यापाराला आजही बंदी आहे.

आता कल्चर मोती म्हणजे काय ते पाहू. अकोया जातीच्या शिंपल्यात एक मणी सरकवतात. हा मणी बहुधा अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या शिंपल्याच्या जाड कवचातून कापून गोल केलेला असतो. त्याच्यावर शिंपला आपला चकाकता थर चढवतो. हा थर साधारण अर्धा मिलिमीटर भरला तरी उत्तम म्हणायचं, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणजे सात मिलिमीटरच्या जपानी मोत्यात सहा मिलिमीटर अमेरिकन शिंपल्याचा मणी. हाच शिंपल्याचा मणी घेऊन त्यावर माणसाने कारखान्यात थर चढवला की त्याला ‘शेल मोती’ म्हणतात आणि तो नकली ठरतो. आतलं जवळजवळ तेच. वरचं वस्त्र कोणी विणलं एवढाच वाद.

शिवाय आपण तरी कुठे फार सोवळे? बोरमाळेचा मणी सोन्याच्या पातळ पत्र्याचा असतो आणि आत लाख भरलेली असते. बोरमाळेला आजवर कोणी नकली म्हटलेलं ऐकलं नाही.

चीनमधल्या गोड्या पाण्यातल्या मोत्याने तर सगळी उतरंडच मोडली. तिथे बहुतेकदा बाहेरचा मणी घालतच नाहीत. दुसऱ्या शिंपल्याच्या मांसाचे छोटे तुकडे आत ठेवतात आणि एकेका शिंपल्यातून वीस, तीस, कधी त्याहूनही जास्त मोती निघतात. आतून बाहेरपर्यंत सगळा मोतीच. सुरुवातीला हे मोती सुरकुतलेले, तांदळाच्या दाण्यासारखे लांबट होते. पुढे ते गोल, गुळगुळीत आणि ढीगभर येऊ लागले. हैदराबादच्या पत्थरगट्टीत आज ‘असली मोती’ म्हणून जो माल हारीने टांगलेला दिसतो तो बहुतांश हाच. निजामाचं नाव पाटीवर, माल चीनचा. आपल्याकडे तुतिकोरिनच्या समुद्रात मोत्यांसाठीची शेवटची मोठी शिंपलेवेचणी १९६१ साली झाली. १९७३ साली तिथेच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतातला पहिला गोल कल्चर मोती काढून दाखवला. शास्त्र जमलं, बाजार मात्र चीनने नेला.

तर १९२५ साली मुंबईच्या जवाहिऱ्याने जो खोटा म्हणून हातात धरला नसता, तो मोती २०२५ साली सुनेला द्यायचा ‘खरा’ मोती झाला आहे. खऱ्या-खोट्याची रेघ दर पिढीत एक पायरी खाली सरकते. हे एकदा ध्यानात आलं की काचमोत्याकडे जरा शांतपणे पाहता येतं.

काचमोत्याचा उगम सतराव्या शतकातल्या पॅरिसचा. जाकँ नावाचा एक जपमाळा करणारा कारागीर होता. लहान चंदेरी मासे धुतलेल्या पाण्यात चमकणारा गाळ राहतो हे त्याने पाहिलं. तो गाळ त्याने पोकळ काचेच्या मण्यांच्या आतून फासला आणि मण्यांत मेण भरलं. माशाच्या खवल्यातला हा चकाकणारा पदार्थ म्हणजे ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक. चपटे, एकावर एक पडणारे, उजेड परतवणारे. मोत्यातही ॲरागोनाइटच्या चपट्या चकत्यांचे थरच असतात, म्हणून ती नक्कल बेमालूम जमली. पुढे लेप बाहेरून द्यायची पद्धत आली. भरीव काचेचा मणी चमकीच्या लाखेत बुडवायचा, वाळवायचा, घासायचा, परत बुडवायचा. स्पेनमधलं मायोर्का बेट आणि चेक देशातलं याब्लोनेत्स यांनी यात नाव कमावलं. आता खवल्यांऐवजी अभ्रक आणि टायटॅनियमची चमकी पुष्कळ ठिकाणी वापरतात.

मराठी घरात हे तंत्र कोणाला परकं वाटायला नको. संक्रांतीचा हलवा याच रीतीने होतो. मधे तीळ किंवा खसखस, मंद शेगडी, आणि पाकाचे थेंब देत देत दाण्यावर चढवलेले पुटावर पुट. त्याच हलव्याचे आपण नथ, कुड्या, हार, बाजूबंद करतो आणि नव्या सुनेला काळ्या साडीवर घालतो. दाण्याला भोक नसतं, म्हणून तो दोऱ्याच्या फासात धरायचा किंवा पुठ्ठ्यावर डिंकाने बसवायचा. मोत्याला साखरेचा पर्याय शोधणाऱ्या या समाजाला काचेची लाज वाटायचं कारण नाही. आजच्या पुष्कळ कारागीर बायकांचा हातही हलव्याच्या दागिन्यांवरच बसलेला आहे. डिसेंबर-जानेवारीत त्या हलवा बांधतात, लग्नसराईत मोती ओवतात आणि श्रावण लागला की गौरींच्या कंठ्या करतात.

पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीत, मुंबईत भुलेश्वरला या कामाचा कच्चा माल मिळतो. तिथे मोत्याची जात ओळखायची सोपी खूण म्हणजे तो कोणत्या मापाने विकला जातो. प्लास्टिकचा मोती वजनावर मिळतो, पाकिटात अर्धा किलो. काचमोती सरीवर. गोड्या पाण्याचा मोती सरीवर किंवा ग्रॅमवर. बसरा मोत्याचं वजन मात्र कॅरेटमध्ये किंवा रतीत, आणि तो रस्त्यावरच्या दुकानात दिसतच नाही.

मला जी गोष्ट या क्षेत्रात सर्वांत रस घेण्याजोगी वाटते ती म्हणजे वजन. आठ मिलिमीटरचा खरा मोती सुमारे पाऊण ग्रॅम भरतो, त्याच मापाचा काचमोती त्याहून किंचित हलका, आणि प्लास्टिकचा पाव ग्रॅमच्या थोडा वर. चाळीस सेंटिमीटरची सर घेतली तर पन्नास मणी बसतात. खऱ्या मोत्याची सर साधारण ३६ ग्रॅम, काचेची ३३, प्लास्टिकची १४. म्हणून काचेची माळ गळ्यात खऱ्यासारखी पडते. मानेच्या बाकाबरोबर खाली झुलते, चालताना हलून परत जागेवर येते. प्लास्टिकची माळ पदरावर तरंगते, बसता-उठता वाकडी होते. लांबून पाहणाऱ्याला रंग दिसत नाही, हे पडणं दिसतं, आणि त्याच्या मनात नकळत ‘खोटं’ अशी नोंद होते.

पण हेच प्लास्टिक मुंडावळ्यांत राजा आहे. कपाळावर बांधलेल्या, गालांवरून लोंबणाऱ्या मोत्याच्या सरी घालून मुलगा-मुलगी तासन्‌तास होमासमोर बसणार. तिथे काचेचं वजन म्हणजे शिक्षा. मोठ्या झुमक्यांतही तेच, कानाच्या पाळ्या ओघळू नयेत म्हणून. जपानात यासाठी दाबलेल्या कापसावर लेप देऊन ‘कॉटन पर्ल’ करतात, फुलासारखे हलके. गौरींच्या मुखवट्याला, गणपतीच्या कंठीला, लावणीच्या पेहरावाला प्लास्टिकच चांगलं. रंगमंचावर चमक लागते, खोली लागत नाही.

नथीचं शास्त्र वेगळं. नाकाला भार सोसत नाही, पण नथ फार हलकी झाली तर ओठावर नाचते. त्यात भोकाचा प्रश्न. गोड्या पाण्याच्या बारीक मोत्याचं भोक इतकं अरुंद असतं की त्यातून पातळ तारच जाते, आणि नथीची वेल वळवताना तीच तार दोनदा फिरवायची म्हटली तर अडते. काचमोत्याचं भोक ऐसपैस. तार जाते, पण मोती डुगडुगतो. मग तारेचे दोन वेढे घेऊन तो घट्ट बसवायचा. डोंबिवलीत काम करणाऱ्या एक ताई या वेढ्याबद्दल अगदी आग्रही आहेत. बाजारातल्या तयार नथी चार वापरांत का उकलतात, तर तिथे वेढा एकच असतो आणि बाकी काम गोंदावर भागवलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. नाक टोचलेलं नसलेल्या मुलींसाठी त्या चापाची नथ करतात. चाप किती घट्ट ठेवायचा यासाठी गिऱ्हाइकालाच समोर बसवून घेतात.

कुडीत तर भूमितीच आहे. एका गोलाभोवती त्याच मापाचे गोल ठेवले तर बरोबर सहा बसतात, एकमेकांना आणि मधल्याला चिकटून. म्हणून कुडीचं ते फूल. पण खरे मोती कधीच एकसारखे नसतात. जुन्या कारागिराला सात मोत्यांसाठी वाटीभर मोती उलथेपालथे करावे लागत, आणि तरी एका पाकळीशी किंचित फट राही. कारखान्याचा मोती मापात तंतोतंत, त्यामुळे कुडी बिनचूक होते आणि तिथेच फसते. ती छापल्यासारखी दिसते. हुशार हात मधला मोती अर्ध्या मिलिमीटरने मोठा घेतो. पाकळ्या जराशा सुट्या होतात आणि फुलात जीव येतो. रंगाचंही तसंच. निळसर पांढरा मोती नवा आणि स्वस्त दिसतो. जुन्या बसऱ्याचा रंग सायीचा, कधी गुलाबी झाक असलेला. दोन जवळच्या छटांचे काचमोती मिसळून ओवले की पेशवाई रूप येतं, आणि एवढ्यासाठी जास्तीचा पैसा लागत नाही, नजर लागते.

तन्मणीचं खोड, म्हणजे मधलं पदक, सगळे पाहतात. सरी कोणी मोजत नाही. दोन मिलिमीटरचे मोती, सर तीस सेंटिमीटरची, म्हणजे दीडशे मणी. पाच सरी म्हटल्या की साडेसातशे. यात दहा-बारा मोती ठेंगणे निघाले की सर मुरडते, शेजारच्या सरीवर चढते. म्हणून ओवण्याआधी निवडणं आलं. ताटलीत मोती घ्यायचे, ताटली किंचित कलती करायची. गोल असतील ते घरंगळत जातात, लेपाचा गोळा जमलेले अडखळतात. अडखळलेले बाजूला.

काचमोत्याचा खरा शत्रू त्याचं भोकच. लेप सुटायला लागतो तो तिथून. मणी मण्यावर घासतो, कडेचा पापुद्रा उचलतो आणि खालची काच डोकावते. म्हणून खऱ्या मोत्याच्या माळेसारखी काचेच्या माळेतही दर दोन मण्यांमध्ये गाठ हवी. गाठीमुळे घासणं थांबतं, आणि दोरा तुटला तर एकच मणी जातो, सभामंडपभर मोती गोळा करत फिरावं लागत नाही. बाकी पथ्यं साधी आहेत. अत्तर, केसांचा स्प्रे आधी, दागिना नंतर. नेलपॉलिश काढायचं द्रावण प्लास्टिक मोत्याजवळ आणूच नये, चमक पुसून निघते. हळदीकुंकवाच्या दिवशी मात्र खरा मोतीच जास्त नाजूक. हळद त्यात मुरते आणि आंबट लागलं तर तो मुळात चुन्याचाच असल्यामुळे झिजतो. काच या दोन्हींना फारशी दाद देत नाही.

या व्यवहारात एक जागा आहे जिथे मला राग येतो. शेल मोत्याच्या माळा ‘साउथ सी’ नावाने विकल्या जातात. दक्षिण समुद्रातला खरा मोती फार महाग, हे गिऱ्हाइकाला ऐकून माहीत असतं. विकणारा ‘शेल’ हा शब्द गिळतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. ओळखायची रीत अवघड नाही. मोती दाताच्या कडेवर हलकेच घासला तर खरा किंचित खरखरीत लागतो, नकली गुळगुळीत घसरतो. भिंगातून भोकाची कड पाहावी, लेपाची साल दिसते. नैसर्गिक की कल्चर, हे मात्र दाताने कळत नाही. त्याला प्रयोगशाळेतला क्ष-किरण लागतो. सोन्यावर जून २०२१पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. मोत्यावर तसा छाप नाही, त्यामुळे सगळी भिस्त विकणाऱ्याच्या तोंडावर आणि बिलावर.

नकली म्हणून सांगून विकलेल्या मोत्याला काय मान मिळू शकतो, याचा एक दाखला पुरे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन केनेडींची तिपदरी मोत्याची माळ, लहानगा मुलगा ओढतो आहे त्या छायाचित्रातली, १९९६ साली सदबीजच्या लिलावात आली. मोती नकली आहेत हे यादीत स्पष्ट छापलं होतं. अंदाज होता पाचशे ते सातशे डॉलरांचा. गेली २,११,५०० डॉलरांना. कार्तियेच्या त्या खऱ्या हाराला १९५७ साली आले त्यापेक्षा आकडा मोठा. मधल्या चाळीस वर्षांत डॉलर स्वस्त झाला हे धरूनही, आकडा बोलका आहे.

आपल्या कारागीर बायकांना केनेडींचं नाव लावता येत नाही. त्यांचं दुखणं मजुरीचं आहे. सोन्याच्या दागिन्यात घडणावळ सोन्याच्या भावामागे लपते, कोणी फारशी हुज्जत घालत नाही. काचमोत्याच्या तन्मणीत माल किरकोळ, बाकी सगळी घडणावळच. गिऱ्हाईक मात्र मोत्याची सर बोहरी आळीत केवढ्याला मिळते ते आधी बघून येतं आणि पाचाने गुणतं. ‘ताई, मोती तर खोटेच आहेत ना, मग एवढे कसे?’ डोंबिवलीच्या ताईंनी यावर वाद घालणं सोडलं आहे. त्या बिलावर दोन ओळी वेगळ्या लिहितात. पहिली मालाची: काचमोती, तांब्याची तार, सोन्याचं पाणी. दुसरी कामाची. बिनगाठीच्या सरीचा दर एक, गाठी मारलेल्या सरीचा दर त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि मापाला येऊन बसायला वेळ नसेल तर चापाची नथ त्या घेतच नाहीत.